४७ चे ३१ : आमच्या टेबलावरच्या एका भांडणाची पूर्ण केस

हे भांडण मिटून आता बरेच महिने झालेत आणि टेबलावरच्या सगळ्यांना विचारून मगच लिहितेय. खऱ्या नावांची गरज नाहीये, पात्रांच्या नावानेच लिहिते. खंडू म्हणजे फायटर, इरा म्हणजे विझार्ड, बोका आमचा चोर, मी क्लेरिक म्हणजे जखमा भरणारी, आणि पडद्यामागे डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा आणि राक्षसांचे फासे टाकणारा. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळायची आणि निकाल फास्यांवर; त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ च्या स्टार्टर सेटमधली लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर ही मोहीम, कोथरूडला डीएमच्या फ्लॅटवर, दर शनिवारी संध्याकाळी. ज्यांना ही मोहीम अजून खेळायचीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.

आधी टेबल कसं होतं ते सांगते, कारण डीएम वाईट होता असं कुणी समजून वाचायला लागलं तर ही केस कळणारच नाही. ह्या माणसाने दोन महिने आधी पुस्तक वाचून काढलेलं, ग्राफ पेपरवर नकाशे हाताने काढलेले, प्रत्येक गॉब्लिनसाठी लुडोची सोंगटी. स्टार्टर सेटमध्ये फासे सहाच येतात आणि त्यात सहा बाजूंचा एकच, म्हणून त्याने लुडो नि व्यापारच्या जुन्या डब्यांतून आणखी पाच जमवले. पडदा म्हणजे ऑफिसच्या तीन प्लास्टिक फायली चिमट्याने जोडलेल्या. मुद्दाम बसून नियम असे आम्ही काही ठरवलेच नाहीत. पहिल्या शनिवारी पात्रं बनवली, चहा झाला आणि थेट सुरू केलं. पात्रं मरू शकतात का, मेली तर काय, डीएम आकडे बदलणार का, ह्यातला एकही प्रश्न त्या दिवशी कुणाच्या तोंडातून निघाला नाही, माझ्याही नाही.

मी फक्त एक काम घेतलं होतं, वही. कुणाला किती लागलं, किती उरले, कुणाची पाळी कधी, सगळं मी लिहायचे. पुढे जे झालं त्यात ह्या वहीचा मोठा हात आहे.

तर ड्रॅगन. मोहिमेत थंडरट्री नावाचं ओसाड गाव आहे, तिथल्या पडक्या मनोऱ्यात व्हेनमफँग नावाचा हिरवा ड्रॅगन येऊन बसलाय. १३६ हिट पॉइंट्स (म्हणजे जीव, मारा बसला की कमी होतात, शून्य झाले की पडला), आर्मर क्लास १८ (म्हणजे त्याला लागायला निदान एवढा आकडा पडावा लागतो), आणि तोंडातून विषारी वायूचा फुत्कार, त्याला सहा बाजूंचे १२ फासे पडतात, म्हणजे सरासरी ४२. आम्ही तिसऱ्या लेव्हलला. इराचे पूर्ण पॉइंट्स २०. आता पाचव्या आवृत्तीचा नियम असा की शून्यावर आल्यानंतर जो मारा उरतो तो तुमच्या कमाल पॉइंट्सइतका किंवा त्याहून जास्त असेल तर पात्र जागेवर मरतं, डेथ सेव्ह (पडलेला जगतो की मरतो ते ठरवणारा फासा, तीन फेल झाले की मेला) वगैरे काही नाही. म्हणजे इराच्या बाबतीत ४० लागले की संपलं. सरासरीच ४२ आहे हे डोक्यात ठेवा. आणि आम्हाला कुणी ढकललं नव्हतं हां, गावातल्या ड्रुइडकडून ड्रॅगनचं कळलं होतं, तरी आम्ही गेलो कारण खंडूला ड्रॅगन मारायचाच होता.

त्या दिवशी डीएमने सहा फासे दोनदा टाकले. मला अजून आठवतंय, दुसऱ्यांदा टाकल्यावर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ फायलींच्या मागे बघत बसला, आम्हाला वाटलं बेरीज करतोय. मग म्हणाला, "एकतीस." माझ्या वहीत त्या ओळी अशा आहेत (सेव्ह म्हणजे मारा चुकवायचा फासा, पास झाला तर निम्मंच लागतं): फुत्कार ३१. इरा सेव्ह फेल, २० वरून ०, बेशुद्ध. खंडू सेव्ह पास, निम्मे १५, २२ वरून ७.

खंडू आधीच २२ वर होता कारण वाटेत ट्विग ब्लाइट्स ह्या काटक्यांच्या राक्षसांनी त्याला ओरबाडलेलं. मी हीलिंग वर्ड हा जखम भरायचा मंत्र टाकून इराला उठवलं, तिने पडल्या जागेवरून स्कॉर्चिंग रे मारला, आणि शेवटी खंडू, सात पॉइंट्सवर उभा असलेला खंडू, त्याने अॅक्शन सर्ज (एकाच पाळीत जास्तीचा वार) घेतली आणि वीस बाजूंच्या फास्यावर वीस पडला. अर्धे पॉइंट्स गेले की हा ड्रॅगन उडून पळतो असं मोहिमेतच लिहिलेलं आहे, तो पळाला. आम्ही एवढे ओरडलो की खालच्या काकूंनी बेल वाजवली. खंडूने त्याच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "व्हेनमफँगला पळवला", खाली दोन रेघा.

त्यानंतर साधारण महिन्याभराने आम्ही चौथ्या लेव्हलला वेव्ह एको केव्हमध्ये पोचलो, म्हणजे मोहिमेचा शेवटचा भाग. तिथे एका दालनात जळती कवटी आहे, फ्लेमस्कल, आणि तिच्यासोबत झाँबी. फायरबॉल आला, त्यात खंडू अर्धा गेला, मग झाँबींनी घेरून शून्यावर आणला. त्याची पाळी आली, डेथ सेव्ह टाकला, ६. एक फेल. मग झाँबींची पाळी. शेजारी उभ्या असलेल्या झाँबीने पडलेल्या खंडूवर हात चालवला. बेशुद्ध माणसावर जवळून लागलेला प्रत्येक फटका क्रिटिकल, म्हणजे जबर, धरतात आणि क्रिटिकल म्हणजे दोन फेल. एक अधिक दोन, तीन. खंडू मेला. पुढची पाळी माझी होती आणि माझ्याकडे एक हीलिंग वर्ड शिल्लक होता. मेलेल्याला उठवणारं रेव्हिव्हिफाय क्लेरिकला पाचव्या लेव्हलला मिळतं, मी चौथ्यावर.

खंडू काही बोलला नाही, "ठीके, खेळ आहे" एवढंच. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या शनिवारी तो आला नाही, काम आहे म्हणाला.

आता ठिणगी. ह्या मधल्या दिवसांत डीएम आणि बोका टपरीवर चहा पीत असताना डीएम बोलून गेला की ड्रॅगनच्या वेळी फास्यांवर ४७ आले होते, मीच ३१ सांगितले, नाहीतर इरा गेलीच होती. विषय तिथेच संपला असता. पण काही दिवसांनी ग्रुपवर रात्री साडेअकराला खंडूच्या मरण्याबद्दल बोलणं चाललेलं आणि बोक्याने अगदी भाबडेपणाने लिहिलं, "अरे इराला वाचवलं तसं ह्यालाही वाचवायला हवं होतंस यार."

पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग खंडूचा मला वेगळा मेसेज, त्या दिवशीच्या पानाचा फोटो पाठव. मी पाठवला. डीएमला आधी एक फोन करायला हवा होता हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की खंडूचा राग "तिला वाचवलं, मला का नाही" असा असणार. पहिली पाच मिनिटं असेलही. पण त्याने वही बघून हिशोब केला आणि तो हिशोब त्याला जास्त लागला. फुत्काराचा मारा सगळ्यांसाठी एकदाच टाकतात. ४७ च सांगितले असते तर खंडूला निम्मे म्हणजे २३ लागले असते. त्याच्याकडे २२ होते. म्हणजे एका पॉइंटने तोही पडला असता. सात पॉइंट्सवर उभं राहून घातलेला तो घाव, तो वीस, त्या दोन रेघा, हे सगळं ज्या सातवर उभं होतं ते सात मुळात नव्हतेच. त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं: "म्हणजे माझं मरण खरं आणि माझं जिंकणं खोटं."

मला ह्या वाक्याने झोप लागली नाही, खरंच सांगते.

आणि इरा. तिचं मला आधी कळलंच नव्हतं. त्या आठवड्यात तिचे बाबा दवाखान्यात होते, डीएमला माहीत होतं, म्हणून ४७ बघितल्यावर त्याला ते तोंडातून काढवेना. माणूस म्हणून मला हे इतकं समजतं. पण इराला जेव्हा हे कळलं तेव्हा ती खंडूपेक्षा जास्त चिडली. ती म्हणाली, "अरे त्या आठवड्यात दवाखान्यात सगळे माझ्याशी जपूनच बोलत होते, ती एक संध्याकाळ अशी होती की जिथे मला कुणी सांभाळून घेत नाहीये असं वाटलेलं." तिला ड्रॅगनसमोर पडून परत उठल्याचा अभिमान होता. तोही गेला.

रविवारी सकाळी माझ्या घरी बसलो. पोहे केले, फासे आणायचे नाहीत असं आधीच सांगितलं होतं. डीएम पहिली वीस मिनिटं फक्त स्वतःची बाजू मांडत होता आणि त्याची बाजू कच्ची नव्हती. तो म्हणाला की पुस्तकातच हे आहे, आणि ते खरं आहे. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पडद्यामागे फासे टाकले तर आकडा बदलता येतो हे सरळ लिहिलेलं आहे. १९७९ च्या जुन्या गाइडमध्ये गॅरी गायगॅक्स तर त्याहून पुढे जातो, तिथे डीएमला फासे बाजूला ठेवायचा हक्कच दिलाय. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मी पाच महिने प्रत्येक शनिवार दिलाय, पूर्ण आठवडा तयारी करतो, मी कुणाचं वाईट चिंतलं का?" कुणाकडेच उत्तर नव्हतं कारण त्याने नव्हतंच चिंतलं.

मग खंडूने विचारलं, "एकच सांग. त्या झाँबीचा रोल खरा होता?"

"हो. शपथ."

"मी मानतो तू खरं बोलतोयस. पण मला ते आता कळणार कसं?"

सगळी केस ह्या प्रश्नात आहे असं माझं मत झालंय. डीएमने एकच आकडा बदलला होता, पाच महिन्यांत एक. पण तो लपवून बदलल्यामुळे आधीचे आणि नंतरचे सगळेच आकडे संशयात गेले, खरे होते ते पण. झाँबीचा रोल खरा होता (मी अजूनही मानते), पण खरा असून खंडूला त्याचा काही उपयोग राहिला नाही. माणूस खेळातलं मरण पचवू शकतो ते ह्याच भरवशावर की फासा कुणाच्या बाजूचा नाही. तो भरवसा गेला की मरण डीएमने दिल्यासारखं वाटतं, आणि मित्राने आपल्याला मारलं हे पचत नाही.

हा झगडा आमच्या टेबलाचाच आहे असंही नाही. हा खेळ १९७४ चा, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा, पण पंच आणि फासा ह्यांच्यातला वाद त्याच्या कितीतरी आधीचा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ ला राइसवित्झने युद्धाच्या सरावासाठी क्रीगश्पील नावाचा खेळ बसवला, त्यात फासे, तक्ते, मोजमाप सगळं होतं. पुढे १८७६ मध्ये व्हेर्दी दु व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने म्हटलं की हे तक्ते नकोतच, अनुभवी पंच ठरवेल काय झालं ते. दोन्ही पद्धती चालल्या. पण दुसरीत समोरच्याला माहीत असतं की निर्णय पंचाचा आहे. आमचा डीएम निकाल पंचाचा देत होता आणि नाव फास्याचं सांगत होता. मी त्या सकाळी हे असं नीट बोलू शकले नाही, नंतर सुचलं.

दुसरं म्हणजे दया दाखवायला आकडा बदलायची गरजच नव्हती, आणि हे मला वही परत परत वाचताना दिसलं. फासे हातात घ्यायच्या आधी डीएमकडे किती वाटा होत्या बघा. हिरवे ड्रॅगन कारस्थानी, बोलण्यात गुंतवणारे, तो आधी बोलू शकला असता, खंडणी मागू शकला असता. फुत्कार कुठल्या दिशेने सोडायचा ते डीएम ठरवतो, तो इराला सोडून बाकीच्यांवर टाकता आला असता. तसंच झाँबीचं. तो झाँबी पडलेल्या खंडूवर हात चालवतो की दोन पावलांवरच्या बोक्याकडे वळतो हे कुठल्याच फास्याने ठरवलं नव्हतं, ते डीएमने ठरवलं. मी त्या दिवशी हे बोलून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला की इराला वाचवल्याचं मनात खात होतं, म्हणून ह्यावेळी मी मुद्दाम कडक राहिलो. म्हणजे एका लपवलेल्या दयेची भरपाई दुसऱ्याच्या जिवावर झाली. हे ऐकल्यावर खंडूचा आवाज उलट खाली आला. त्याला एवढंच ऐकायचं होतं बहुतेक.

आणि गायगॅक्सच्या त्याच पानावर एक गोष्ट आहे जी आमच्या डीएमने वाचली होती पण लक्षात घेतली नव्हती. नीट खेळणारा खेळाडू केवळ फास्याच्या फटक्याने मरत असेल तर मरणाऐवजी बेशुद्ध पडला, एखादा अवयव गेला, असा निकाल देता येतो असं तो म्हणतो. हा निकाल मोठ्याने सांगता येतो! "सत्तेचाळीस आलेत, नियमाने इरा मेली, पण मी तिला मारत नाहीये, तिचा एक डोळा गेला, चालेल का?" इराला विचारलं तर ती म्हणाली, "असं विचारलं असतंस तर मी कदाचित मर म्हटलं असतं." डीएम हसला, त्या दिवसात पहिल्यांदा.

दोष कुणाचा म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. आकडा बदलणं ही छोटी चूक, लपवणं मोठी, आणि सर्वात मोठी चूक आम्हा सगळ्यांची की पहिल्या शनिवारी अर्धा तास बसून बोललो नाही. २०२० च्या ताशाज कॉल्ड्रन ह्या पुस्तकात सेशन झिरोवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधी बसून बोलण्यावर, वेगळा भाग आहे, त्याआधीही लोक करत होतेच, आणि मी ते वाचलेलं होतं. वाटलं होतं आपण मित्रच आहोत, आपल्याला काय गरज. मित्रांनाच जास्त गरज असते कारण अनोळखी माणूस नाराज झाला तर टेबल सोडून जातो, मित्र गप्प बसतो आणि काम आहे म्हणतो.

ठरलं काय ते सांगते. लढाईतले सगळे फासे टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, डीएमचे पण. लपलेला सापळा, कुणी खोटं बोलतंय का, असल्या गोष्टी पडद्यामागे चालतील, कारण तिथे आकडा दिसला की उत्तरच कळतं. पात्र मरू शकतं का हे प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, आणि ते कधीही बदलायची मुभा, कारण न विचारता. सेशनच्या आधी कुणाचा आठवडा वाईट गेला असेल तर डीएमला एक मेसेज, मग तो त्या दिवशीची तयारी बदलेल, आकडा नाही. आणि एक निकाल जर चालणारच नसेल तर त्याच्यासाठी फासा टाकायचाच नाही. हे शेवटचं डीएमने स्वतः सुचवलं.

बोक्याला ह्यातलं बरंचसं पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, ड्रॅगनची ती संध्याकाळ त्याच्या आयुष्यातली भारी संध्याकाळ होती आणि टपरीवर त्याला सांगितलं नसतं तर ती तशीच राहिली असती. डीएमने आकडे बदलावे पण मरेपर्यंत कुणाला सांगू नये. त्याच्या कागदावर तो हेच लिहून बसलाय. आम्ही दोनदा वाद घातला, तो हलला नाही, मी पण नाही. चालतंय तसंच.

खंडूला परत जिवंत करायची तयारी डीएमने दाखवली होती, खंडू नको म्हणाला. तो सहा आठवड्यांनी परत आला, नवीन पात्र घेऊन, एक म्हातारा ड्वॉर्फ, कागदावर मरणाच्या चौकटीत "हो" लिहिलेलं. ग्राफ पेपरवर फासे नीट फिरत नव्हते म्हणून आम्ही मधे एक स्टीलचं ताट ठेवलेलं, त्यात फासा पडला की खण्ण असा आवाज येतो. पहिल्याच लढाईत बगबेअर त्या ड्वॉर्फवर धावून आला. डीएमने ताटात फासा टाकला, तो काठावरून गरगरत मधे आला आणि विसावर थांबला. नवीन पात्र, पहिली फेरी, क्रिटिकल. डीएमने हात तसाच ताटावर धरलेला, वर बघेना.

खंडू पुढे वाकला, आकडा बघितला, आणि पेन्सिल उचलून म्हणाला, "लागलं. किती?"